आर्यभट : परीघ आणि त्रिज्येला एकच माप

परवा आमच्या धाकट्याचा कॅल्क्युलेटर साइन ३० चं उत्तर अर्ध्याऐवजी उणे ०.९८८ दाखवू लागला. यंत्र ठीक होतं. फक्त अंशांऐवजी रेडियनमध्ये मोजत होतं. डॉक्टरकीच्या धबडग्यात हा फरक मीही विसरले होते. त्याच्याबरोबर उजळणी करताना आठवण झाली ती आर्यभटांची.

आर्यभटांचा जन्म इ.स. ४७६ चा. कर्मभूमी कुसुमपूर, म्हणजे बहुधा आजचं पाटणा. ४९९ मध्ये आपण तेवीस वर्षांचे होतो, अशी नोंद त्यांनीच 'आर्यभटीया'त केली आहे. ग्रंथ जेमतेम १२१ श्लोकांचा, पण त्यात गणित आणि खगोल दोन्ही सामावले आहेत.

वर्तुळाचे ३६० अंश, म्हणजे २१,६०० कला. परीघ कलांमध्ये मोजायचा, तर त्रिज्याही त्याच मापात हवी. परीघ आणि व्यास यांचं गुणोत्तर आर्यभटांनी ३.१४१६ दिलं, तेही आसन्न, म्हणजे जवळपासचं, असं प्रामाणिकपणे सांगून. त्यावरून त्रिज्या येते ३४३८ कला, म्हणजे ५७ अंश १८ कला. आजचा एक रेडियन जवळजवळ एवढाच! त्यांच्या ज्यांच्या कोष्टकाचा पाया हाच. म्हणूनच त्यात पहिल्या २२५ कलांच्या कंसाची ज्याही २२५ च येते: कोन लहान असला की कंस आणि ज्या जवळपास सारखेच. रेडियन हा शब्द छापील स्वरूपात आला १८७३ मध्ये, बेलफास्टला जेम्स थॉमसन यांनी काढलेल्या प्रश्नपत्रिकेत.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि ग्रहण सावलीमुळे लागतं, हेही आर्यभटांनी मांडलं. हे सोपं नव्हतं. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी त्यांच्यावर कडक टीका केली. पुढे त्यांच्याच ग्रंथाच्या काही टीकाकारांनी पृथ्वी फिरण्याच्या श्लोकाचा अर्थ बदलून स्थिर पृथ्वीशी जुळवून घेतला.

एकोणिसाव्या शतकात तर पाश्चात्त्य संशोधकांना हा ग्रंथ मिळतच नव्हता. तो उजेडात आणणाऱ्यांत अग्रणी होते मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. रुग्णसेवा सांभाळून त्यांनी केरळातून हस्तलिखितं मिळवली आणि १८६५ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. आमच्याच व्यवसायातल्या एका मराठी माणसाचं हे काम वाचून मला भरून आलं. १९७५ मध्ये भारताचा पहिला उपग्रह आकाशात गेला, तो आर्यभटांचंच नाव घेऊन.

आपल्या देवघरातलं पंचांग आजही अंश-कलांत बोलतं, आणि मुलांचा कॅल्क्युलेटर रेडियनमध्ये. दोन्ही भाषा एकाच वर्तुळाच्या आहेत, हे मुलांना सांगू या. आणि हेही सांगू या, की तेविशीतल्या एका तरुणाने सर्वांना स्थिर वाटणारी पृथ्वी फिरते म्हणायचं धाडस केलं होतं.