समजून घ्या : हिमालयाचा बर्फ काचेवर उतरवणारा सॅम्युअल बोर्न

तेलगाव : मनाली, स्पिती फिरून आलेल्यांची एक तक्रार हमखास असते. डोळ्यांना पांढराशुभ्र दिसलेला बर्फ मोबाइलमध्ये मळकट येतो. दीडशे वर्षांपूर्वी याच डोंगरांत फोटो काढणाऱ्या सॅम्युअल बोर्नलाही बर्फाच्या लखलखाटाशी झुंजावे लागले होते.

कोण होता बोर्न?
जन्म १८३४, इंग्लंड. नॉटिंगहॅममधील बँकेची नोकरी सोडून तो १८६३ मध्ये कोलकात्यात आला आणि सिमल्यात स्टुडिओ थाटला. ‘बोर्न अँड शेफर्ड’ हे नाव पुढे देशभर गाजले. त्यांचा कोलकात्यातील स्टुडिओ २०१६ पर्यंत चालू होता.

मोहिमा कशा होत्या?
१८६३, १८६४ आणि १८६६ अशा तीन वेळा तो हिमालयात गेला. तेव्हा काचेवर रसायनाचा थर देऊन, ती ओली असतानाच फोटो घेऊन लगेच अंधाऱ्या तंबूत धुवावी लागे. काच सुकली की मेहनत वाया. कॅमेरा, काचा, रसायने वाहायला हमालांचा तांडा लागे. थंडीला कंटाळून काही जण ओझे टाकून पळत. १८६६ मध्ये त्याने किन्नौर व स्पितीमधील मणिरंग खिंडीत, त्या काळच्या मोजणीनुसार १८,६०० फुटांवर फोटो काढले. हा उंचीचा विक्रम पुढे बरीच वर्षे टिकला.

बर्फात अडचण काय?
बर्फ झगझगीत, खडक काळा. एक सांभाळावा तर दुसरा बिघडतो. बोर्नकडे उजेड मोजायचे यंत्र नव्हते. भिंगाचे झाकण किती वेळ उघडे ठेवायचे, हे तो अंदाजाने ठरवी.

मोबाइल का चुकतो?
समोर सगळेच पांढरे असले की कॅमेऱ्याला उजेड जास्त वाटतो आणि तो फोटो काळवंडतो. उन्हातल्या कापसाच्या ढिगाचा जवळून फोटो काढून पाहा, हाच अनुभव येईल. उपाय सोपा आहे. स्क्रीनवर बर्फाला बोट लावा, सूर्याचे चिन्ह थोडे वर सरकवा. बर्फावरचे बारीक उंचवटे दिसेनासे झाले तर पुन्हा खाली घ्या. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपे ऊन असताना हे उंचवटे अधिक उठून दिसतात.

पुढे काय झाले?
भारतात दोन हजारांहून अधिक फोटो काढून बोर्न १८७० च्या अखेरीस मायदेशी निघाला. तिथे त्याने सुताचा व्यवसाय केला. १९१२ मध्ये त्याचे निधन झाले.