आवाज मधोमध आणणारा माणूस

सांताक्रूझच्या एखाद्या जुन्या सोसायटीत, माळ्यावरून उतरवलेला बाबांचा अॅम्प्लिफायर, लॅमिंग्टन रोडवरून आणलेले कपॅसिटर, सोल्डरिंग आयर्न आणि शेजारी यूट्यूब. तुमच्या ग्रुपमध्ये असा एक तरी मित्र असणार. जुना ४५५८ आयसी काढायचा, ५५३२ बसवायचा, जाडजूड वायर टाकायची आणि आवाज खुलला का ते कान लावून ऐकत बसायचं. या मंडळींना अॅलन ब्लुमलाइन हे नाव बहुधा माहीत नसतं. गंमत म्हणजे काढलेल्या आयसीतही त्याचीच कल्पना असते आणि नव्यातही.

ब्लुमलाइन १९०३ साली लंडनमध्ये जन्मला. सात वर्षांचा असताना त्याने घरची दारावरची बेल दुरुस्त केली आणि वडिलांना चक्क बिल दिलं, खाली इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणून सही ठोकून! याच मुलाला बारा-तेरा वर्षांचा होईपर्यंत धड वाचता येत नव्हतं असंही सांगतात. गणित मात्र पळत होतं. कॉलेज संपलं ते पहिल्या वर्गात. मग काही वर्षं टेलिफोनच्या लाइनींचं काम, आणि १९२९ मध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत नोकरी. तिथलं पहिलंच काम अवघड होतं. रेकॉर्ड कापायच्या यंत्राचं पेटंट एका अमेरिकी कंपनीकडे होतं आणि प्रत्येक रेकॉर्डमागे तिला पैसे मोजावे लागत. ब्लुमलाइनने वेगळ्याच तत्त्वावरचं यंत्र बनवून ती कटकट मिटवली. १९३१ मध्ये कोलंबिया आणि एचएमव्ही एक होऊन ईएमआय झाली. आजोबांच्या रेकॉर्डवर भोंग्यासमोर बसलेला कुत्रा असेल, तर तो याच घराण्यातला.

त्याच वर्षी तो होणाऱ्या बायकोबरोबर, डोरीनबरोबर, सिनेमाला गेला. बोलपट नवे होते. नट पडद्याच्या एका टोकाला, आवाज मात्र भलतीकडून. याला ते खुपलं. डेटवर असताना स्पीकरच्या जागेचा विचार करणारा माणूस कसा असेल, तुम्हीच बघा! आवाज माणसाच्या मागे चालला पाहिजे आणि ते कसं करायचं हे मला सुचलंय, असं त्याने तिला सांगितलं. डिसेंबरमध्ये पेटंटचा अर्ज गेला. त्यात दोन माइक काटकोनात कसे ठेवायचे इथपासून एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन आवाज कसे कोरायचे इथपर्यंत सगळं होतं. आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो, ते हेच. १९३४ च्या जानेवारीत अॅबी रोड स्टुडिओत थॉमस बीचमच्या ऑर्केस्ट्राची तालीम त्याने या पद्धतीने रेकॉर्ड केली. कंपनीला त्यात धंदा दिसला नाही. काम बाजूला पडलं.

त्याचं म्हणणं घरी तपासता येतं. दोन्ही स्पीकरवर एकच आवाज सारखा आला, की कानाला तो मधोमध, जिथे स्पीकरच नाही तिथे, ऐकू येतो. आता एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लावा. एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो, गायक मधून गायब होतो आणि बास पातळ पडतो. हजारो रुपयांची केबल आणूनही आवाज मोकळा वाटत नसेल, तर आधी हे बघा. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या वायरला क्षणभर टेकवा. पॉझिटिव्ह लालला असताना दोन्ही पडदे एकाच दिशेने हलले पाहिजेत. आणि दहा बाय बाराच्या खोलीत शोकेसवर दोन्ही स्पीकर एकमेकांना चिकटवले असतील, तर आयसी बदलून काय होणार?

तो आयसीतला भाग १९३६ चा. ब्लुमलाइन तेव्हा टीव्हीच्या कामात होता. लांबच्या केबलवर दोन्ही तारांमध्ये सारखाच गोंगाट शिरायचा. त्याने दोन व्हॉल्व्ह असे जोडले, की दोन्हीकडे सारखं असेल ते खोडलं जावं आणि फक्त फरक मोठा व्हावा. इंजिनिअरिंगची मुलं डिफरन्शियल पेअर म्हणून परीक्षेत जे काढतात, ते हे. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, जोडी राहिली. पुढच्याच वर्षी त्याने व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरसाठी अल्ट्रालिनिअर जोडणीही पेटंट केली. हौशी लोक ती आजही बांधतात. पेटंटांची एकूण संख्या १२८.

मग युद्ध आलं. ढगांतून आणि अंधारातून जमीन दाखवणाऱ्या रडारवर तो काम करू लागला. विमानांचं वेड होतंच. ७ जून १९४२ रोजी चाचणीसाठी उडालेल्या हॅलिफॅक्स विमानाच्या इंजिनाला आग लागली आणि ते वेल्सच्या सीमेजवळ कोसळलं. अकराही जण गेले. इंजिनाच्या तपासणीत कारण सापडलं: एक छोटा नट नीट आवळलेला नव्हता, त्यामुळे झडप तुटली. ब्लुमलाइन ३८ वर्षांचा होता, घरी दोन लहान मुलं. काम गुप्त असल्याने त्याच्या मृत्यूची बातमीही तेव्हा दाबून ठेवली गेली.

ते रडार पुढच्याच जानेवारीत मोहिमेवर गेलं. स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात यायला मात्र १९५८ उजाडलं. तिची खाच त्याने १९३१ मध्ये लिहून ठेवल्यासारखीच होती, दोन भिंतींची, दोन्ही ४५ अंशांत.