वडिलांच्या वाटेवरून, पण वेगळ्या दिशेने

नवी मुंबईतील करावे, नेरूळ, बेलापूर परिसरातील जोडप्यांना आज महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात कुटुंबनियोजनाचा सल्ला विनासंकोच मागता येतो. शंभर वर्षांपूर्वी हाच सल्ला देणाऱ्या गणिताच्या प्राध्यापकाला नोकरी सोडावी लागली होती. रघुनाथ धोंडो कर्वे हे त्यांचे नाव.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव. जन्म १४ जानेवारी १८८२, मुरुड येथील. आई राधाबाईंच्या निधनानंतर १८९३ मध्ये अण्णांनी विधवेशी विवाह केला आणि मुरुडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्या वेळी रघुनाथ अकरा वर्षांचे होते. वडीलधाऱ्यांचे न ऐकण्याचा पहिला धडा त्यांना घरीच, खुद्द वडिलांकडून मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे मात्र मतभेद वडिलांच्याच विचारांशी झाला. अण्णांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले, ते स्त्रीने सुगृहिणी व सुमाता व्हावे हा हेतू समोर ठेवून. रघुनाथरावांना ते पुरेसे वाटेना. मूल केव्हा व्हावे, किंबहुना व्हावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार स्त्रीला नसेल तर शिक्षणाने ती मुक्त कशी होणार, हा त्यांचा प्रश्न होता. स्वतः त्यांनी व पत्नी मालतीबाईंनी मूल होऊ न देण्याचा निर्णय घेतला.

१९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले होते. हे कार्य थांबवा, असे विल्सन कॉलेजच्या चालकांनी बजावले. १९२५ मध्ये रघुनाथरावांनी राजीनामा दिला. तेव्हापासून संसाराचा मोठा भार मालतीबाईंच्या नोकरीवर पडला; त्यांच्या वाट्याचे श्रेय आपण फारसे देत नाही, हे खरे.

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघाले. महात्मा गांधींचा भर ब्रह्मचर्यावर होता, कृत्रिम साधनांना त्यांचा विरोध होता. देश ज्यांच्या शब्दावर चालत होता, त्यांचेही हे मत रघुनाथरावांनी खोडून काढले. त्यांची भाषा कोरडी, कित्येकदा बोचरी असे. परंतु व्यक्तीपेक्षा तिचे म्हणणे तपासण्याची गणितज्ञाची शिस्त तिच्यात होती. १९३१ मध्ये ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून अश्लीलतेचा खटला होऊन त्यांना दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला भरला गेला. या वेळी वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. निकाल विरोधात गेला, दंड पुन्हा भरावा लागला. मासिक मात्र बंद पडले नाही.

१९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. पुढील वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, रघुनाथरावांचे निधन झाले. ‘समाजस्वास्थ्य’ही त्याच वर्षी थांबले. अण्णांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले. मुलाच्या मागे ते नऊ वर्षे जगले.