वर्ध्याचे खानखोजे आणि ओरेगनच्या लाकूड गिरण्या

मागच्या महिन्यात मुलाला कॉलेज दाखवायला पोर्टलंडहून कॉर्व्हॅलिसला गेलो होतो. ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या आवारात फिरताना त्याला म्हटलं, अरे, आपल्या वर्ध्याचा एक माणूस शंभर वर्षांपूर्वी इथे शेतकी शिकून गेलाय. त्याने नाव विचारलं. पांडुरंग सदाशिव खानखोजे. त्याने कधी ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही इथे आल्यावरच कळलं!

लोकमान्य टिळकांना मानणारा हा तरुण जपानमार्गे अमेरिकेत पोचला. खिशात पैसे नव्हते, त्यामुळे शिक्षण आणि मजुरी बरोबरीनेच चालली. सॅन राफेलच्या लष्करी शाळेत कवायत शिकायची, सुट्टीत शेतांवर राबायचं. तिथेच त्याची गाठ पडली पंजाबी मजुरांशी. त्यातले बहुतेक शीख, काही तर इंग्रजांच्या फौजेतून निवृत्त झालेले. इथली वर्तमानपत्रं मात्र सगळ्यांना सरसकट 'हिंदू' म्हणायची.

या लोकांची अवस्था काय होती? सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या शेतांवर त्यांना जपानी मजुरांपेक्षाही कमी रोज मिळायचा, आणि जपान्यांना गोऱ्यांपेक्षा कमी. म्हणजे उतरंडीत आपला माणूस तळाशी. ओरेगन-वॉशिंग्टनच्या लाकूड गिरण्यांत ओंडके ओढायचं, फळ्या रचायचं जड काम त्यांच्या वाट्याला. मालकाला स्वस्त मजूर हवाच होता. पण गोऱ्या कामगारांचा राग निघाला तो मालकावर नाही, कमी पैशात राबणाऱ्यावर. ४ सप्टेंबर १९०७ च्या रात्री वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात काहीशे गोऱ्यांच्या जमावाने भारतीय मजुरांना बिछान्यांतून ओढून काढलं, मारलं, लुटलं. एक-दोन दिवसांत जवळपास सगळे गाव सोडून गेले. १९१० साली पोर्टलंडजवळच्या सेंट जॉन्समध्येही तोच प्रकार. (हे सेंट जॉन्स आता पोर्टलंडमध्येच आलंय. तिथल्या पुलावरून मी कितीदा गेलोय, कधी माहीत नव्हतं.)

दाद मागायची कुणाकडे? कामगार संघटना आशियाई लोकांना हाकलायच्या मागणीत पुढे. आणि हे मजूर ज्या सरकारचे प्रजाजन, ते इंग्रज सरकार त्यांच्यासाठी जपानसारखं उभं राहायला तयार नव्हतं. खानखोजेंना, आणि त्या मजुरांनाही, हळूहळू उमगलं की पगाराचा प्रश्न आणि गुलामीचा प्रश्न एकाच दोरीने बांधलेत. त्यांनी पोर्टलंडच्या पंडित काशीराम यांच्यासोबत मजुरांची संघटना बांधायला सुरुवात केली. पुढे सोहनसिंग भकना आणि लाला हरदयाळ यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने १९१३ साली गदर पक्ष उभा राहिला, तेव्हा त्याचा पाया याच गिरण्यांत घातला गेला होता. पैसा कुठून आला? त्याच कमी रोजातून. ज्याच्या हातात सगळ्यात कमी पडत होतं, त्यानेच त्यातून वर्गणी काढली. मला या सगळ्या गोष्टीत हे सर्वांत मोठं वाटतं.

एकीकडे कॉर्व्हॅलिसला आणि मग पुलमनला शेतकीचं शिक्षणही चालूच होतं. पहिलं महायुद्ध पेटलं तसे खानखोजे इराणकडे गेले, इंग्रजांशी लढायला. काशीराम भारतात परतले आणि १९१५ साली लाहोरला फासावर गेले. खानखोजे वाचले, पण मायदेशाची वाट बंद. इकडे अमेरिकेनेही दार लावून घेतलं. १९१७ च्या कायद्याने भारतीय मजुरांचं येणं थांबलं आणि १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्व नाकारलं. ते मिळायला १९४६ साल उजाडलं.

खानखोजे १९२४ मध्ये मेक्सिकोला गेले. तिथे चापिंगोच्या शेतकी शाळेत प्राध्यापक झाले, मका आणि गव्हाच्या वाणांवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा त्यांचे मित्र. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर रिव्हेरांनी गरिबांच्या जेवणाचं एक चित्र काढलंय. त्यात मध्यभागी बसून भाकरी वाटणारा माणूस म्हणजे आपले खानखोजेच.

स्वातंत्र्यानंतर ते परतले, नागपूरला राहिले. २२ जानेवारी १९६७ ला तिथेच गेले.

परतीच्या वाटेवर मुलाने फोनवर ते चित्र शोधून काढलं आणि बराच वेळ बघत बसला.