चित्रकार टॉमस बेन्स

इंग्लंडातील किंग्ज लिन येथे इ. स. १८२० मध्ये जन्मलेले टॉमस बेन्स हे गाड्यांवर नक्षी रंगविण्याची कला शिकून १८४२ साली दक्षिण आफ्रिकेत गेले. पुढे लिव्हिंग्स्टन यांच्या झांबेझी मोहिमेत चित्रकार व कोठीवाले असता, १८५९ मध्ये चोरीचा आळ घेऊन त्यांस बडतर्फ करण्यात आले. हा आळ त्यांनी अखेरपर्यंत नाकारला. परंतु ते खचले नाहीत. १८६१ मध्ये आफ्रिकेच्या पश्चिमेस वॉल्व्हिस बे येथील ओसाड वाळवंटी किनाऱ्यावरून ते चॅपमन यांच्यासमवेत निघाले आणि १८६२ मध्ये त्याच झांबेझीवरील व्हिक्टोरिया धबधब्यापर्यंत पोहोचले. वाटेतील भूमी, वनस्पती व माणसे त्यांनी चित्रांत व रोजनिशीत टिपली; त्यावरील ग्रंथ १८६४ मध्ये प्रसिद्ध झाला. १८७५ मध्ये डर्बन येथे ते निवर्तले. आळास कार्याने उत्तर द्यावे, हा बोध आपल्या ज्ञातीतील तरुणांनी घ्यावा.