देवगिरीचा राजा रामदेवराव

बालमित्रांनो, आपली सहल वेरूळला गेली तेव्हा वाटेत देवगिरीचा किल्ला पाहिला, आठवतो ना? छत्रपती संभाजीनगरपासून तो सुमारे १५ किलोमीटरवर आहे. कडे असे तासलेले, की घोरपडसुद्धा चढायची नाही. अंधारीतून तर आपण एकमेकांचे सदरे धरून गेलो! सगळ्यांनी मेंढा तोफ पाहिली, चांदमिनार पाहिला. पण रामदेवरावाच्या काळी यांतले काहीच नव्हते. डोंगर तेवढा तोच. म्हणून त्या राजाची ही हकिगत लिहीत आहे.

देवगिरी ही यादवांची राजधानी. रामदेवराव लहान असतानाच त्याचे वडील कृष्णदेव वारले आणि गादी चुलते महादेव यांच्याकडे गेली. त्यांच्यामागून त्यांचा मुलगा आमणदेव राजा झाला. इ. स. १२७१ मध्ये रामदेवरावाने त्याला दूर करून राज्य घेतले. भाऊबंदकी तेव्हाही होतीच!

पुढची वीस-पंचवीस वर्षे मात्र भरभराटीची गेली. हेमाद्री म्हणजे आपले हेमाडपंत त्याच्याच दरबारी होते. ज्ञानेश्वर महाराजांनी इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पुरी केली, तिच्या शेवटी या राजाचे नाव येते. केवढा मान!

पण एवढ्या श्रीमंत राजाला उत्तरेकडची खबर नव्हती. इ. स. १२९६ मध्ये दिल्लीच्या सुलतानाचा पुतण्या अल्लाउद्दीन खिलजी काही हजार घोडेस्वार घेऊन एकदम देवगिरीवर आला. राजपुत्र शंकरदेव तेव्हा मोठी फौज घेऊन लांब गेला होता. रामदेवराव गडावर जाऊन बसला. मागून आणखी मोठे सैन्य येत आहे अशी हूल अल्लाउद्दीनाने उठवली. राजाने तह केला. तेवढ्यात शंकरदेव परतला. बापाने नको म्हटले तरी तो लढला. आधी त्याची सरशी होती. पण शत्रूची राखीव तुकडी धूळ उडवीत आली, तेव्हा दिल्लीचीच फौज आली असे वाटून यादवांचे लोक पळाले.

तरी गड हातात होता. कडा कुणाला चढता येत नव्हता. मग कोठारातली पोती उघडली, तर धान्याऐवजी मीठ निघाले, असे सांगतात! घाईघाईत कुणी पोती सोडून पाहिलीच नव्हती. आता मीठ खाऊन किती दिवस काढणार? मला तर इथे राजाची फार कीव येते. त्याला पुन्हा तह करावा लागला, तोही भारी. सोने, मोती, रत्ने द्यावी लागली, शिवाय दरसाल खंडणी.

पुढे खंडणी थांबली. तेव्हा मलिक काफूर आला आणि रामदेवरावाला दिल्लीस घेऊन गेला. तिथे सुलतानाने त्याला मानाने वागवून राज्य परत दिले. राजा परत आला, पण मांडलिक म्हणूनच. सुमारे इ. स. १३११ मध्ये तो वारला. शंकरदेवाने पुन्हा खंडणी नाकारली आणि तो लढाईत मारला गेला. इ. स. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने गडाचे नाव दौलताबाद ठेवले.

हा किल्ला आजही तिकीट काढून पाहता येतो. आईवडिलांबरोबर गेलात तर पाणी जवळ ठेवा, चढ दमवणारा आहे.