ताणाचा हिशेब मांडणारा रॉबर्ट हूक

जुन्या बुलेटचे शौकीन अलीकडे एक काम आवडीने करून घेतात. इंजिनाला मोठा हात लावायचा नाही. पिस्टन, सिलिंडर, कॅमशाफ्ट सगळे कंपनीचेच ठेवायचे. फक्त जास्त उचल देणारे रॉकर आर्म बसवायचे आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा जरा कडक टाकायच्या. झडप जास्त उघडते, इंजिन मोकळा श्वास घेते आणि गाडीला पिकअप येतो. हे काम करणारा मिस्त्री साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाचा नियम वापरत असतो. शाळेच्या पुस्तकांत तो माणूस आपल्याला दोनदा भेटतो. जीवशास्त्रात पेशीला ‘सेल’ हे नाव देणारा म्हणून आणि भौतिकशास्त्रात स्प्रिंगचा नियम सांगणारा म्हणून. हे दोघे एकच, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. त्याचे नाव रॉबर्ट हूक.

हूकचा जन्म 18 जुलै 1635 रोजी इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट या बेटावर, फ्रेशवॉटर गावी झाला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. पोर इतके अशक्त होते की ते जगेल अशी घरच्यांना आशा नव्हती. दूध आणि फळे यांवरच त्याचे बालपण गेले. अभ्यासाला बसला की डोके दुखायचे, म्हणून वडिलांनी शिकवणे सोडून दिले. मग हा मुलगा आपल्या मनाने खेळणी करू लागला. त्याने एक जुने पितळी घड्याळ उघडून पाहिले आणि तसेच लाकडाचे केले. ते चालतही असे.

1648 मध्ये वडील गेले. तेरा वर्षांचा हूक लंडनला एका चित्रकाराकडे गेला, पण तेलरंगांच्या वासाने डोकेदुखी वाढली, असे त्याच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. पुढे तो वेस्टमिन्स्टर शाळेत शिकला. सोळाव्या वर्षाच्या आसपास त्याच्या पाठीला बाक येऊ लागला. आपण लेथवर वाकून काम केल्यामुळे हे झाले, असे तो समजत असे. आजचे डॉक्टर मात्र वाढीच्या वयात मणक्यांची हाडे पुढच्या बाजूने चेपणाऱ्या आजाराची शंका घेतात. कारण काहीही असो, हा बाक त्याला जन्मभर पुरला.

ऑक्सफर्डला त्याला दोन मोठी माणसे भेटली. पहिला थॉमस विलिस हा डॉक्टर. मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या कड्याला आजही त्याचे नाव आहे आणि एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते पाठ करावे लागते. दुसरा रॉबर्ट बॉइल. बॉइलसाठी हूकने 1659 च्या सुमारास हवा काढून घेणारा पंप बनवला. सिलिंडर, त्यात सरकणारा दट्ट्या आणि उघडझाप करणारी झडप अशी त्याची रचना होती. हवेचा दाब आणि आकारमान यांचा बॉइलचा नियम याच पंपामागून आलेल्या प्रयोगांतून निघाला. 1662 मध्ये रॉयल सोसायटीने हूकला प्रयोगांचा व्यवस्थापक नेमले. सभासदांपुढे सतत नवे प्रयोग करून दाखवणे हे त्याचे काम होते.

1665 मध्ये त्याचे ‘मायक्रोग्राफिया’ हे पुस्तक आले. पिसू, ऊ, माशीचा डोळा यांची सूक्ष्मदर्शकातून पाहून काढलेली मोठी चित्रे लोकांनी प्रथमच पाहिली. बुचाच्या पातळ कापात त्याला लहान लहान खोल्या दिसल्या. त्यांना त्याने दिलेले नाव आज रक्तपेशी मोजणाऱ्या रिपोर्टवर छापलेले असते.

आता स्प्रिंगकडे वळू. हूकला घड्याळ अचूक चालवायचे होते आणि त्यासाठी स्प्रिंग वापरण्याचा विचार तो फार आधीपासून करत होता. 1675 मध्ये हॉलंडच्या हायगेन्सने स्प्रिंगचे घड्याळ जाहीर केले, तेव्हा ही कल्पना आधी आपली होती म्हणून हूकने मोठा वाद घातला. कल्पना चोरीला जाण्याची भीती त्याच्या मनात कायमची बसली होती. म्हणून 1676 मध्ये त्याने स्प्रिंगचा नियम लॅटिनमधल्या 14 अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला आणि 1678 मध्ये उत्तर सांगितले. नियम साधा आहे. स्प्रिंग जितकी ताणली किंवा दाबली जाईल, तितक्याच प्रमाणात तिचा उलटा जोर वाढतो. दुप्पट दाबली तर जोर दुप्पट. मात्र हे एका मर्यादेपर्यंतच खरे असते.

गॅरेजमधल्या कामाचा हिशेब यावरूनच निघतो. समजा, कॅम 6 मिलिमीटर उचल देतो आणि रॉकरचे गुणोत्तर 1.5 आहे. मग झडप 9 मिलिमीटर उघडेल. 1.6 चा रॉकर टाकला तर 9.6 मिलिमीटर. फरक अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त, म्हणजे किरकोळ वाटतो. आता समजा, झडप बंद असताना स्प्रिंगचा जोर 25 किलो आहे आणि प्रत्येक मिलिमीटरला तो 3 किलोने वाढतो. झडप पूर्ण उघडली असता आधी जोर 52 किलो होता, तो आता 53.8 झाला. पण कॅमवर हा जोर रॉकरच्या गुणोत्तराने गुणून येतो. तिथे 78 चे 86 किलो होतात, म्हणजे दहा टक्के जास्त. स्प्रिंग अजून जुनीच आहे, ती बदलण्याआधीची ही गोष्ट.

मग कडक स्प्रिंग लागते कशाला? इंजिनाचा वेग दुप्पट झाला की झडपेला कॅमच्या चालीबरोबर ठेवायला चौपट जोर लागतो. स्प्रिंग कमी पडली तर झडप वेळेवर बसत नाही, तरंगते आणि पिस्टनवर आपटू शकते. उलट, गरजेपेक्षा कडक स्प्रिंग टाकली तर कॅम आणि टॅपेट लवकर झिजतात. उचल वाढल्यावर स्प्रिंगची वेटोळी पुरती दाबली जाऊन एकमेकांना टेकली, तर पुशरॉड वाकतो. म्हणून जाणता मिस्त्री एक भाग बदलला की त्याच्या शेजारचे सगळे भाग तपासतो. शरीराचेही असेच आहे. रक्तदाब वर्षानुवर्षे जास्त राहिला की हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होत जाते. वाढलेला भार कुणाला तरी उचलावाच लागतो.

हूकच्या नियमाचा आपल्याशी सर्वांत जवळचा संबंध अंगणवाडीत येतो. बाळाला झोळीत घालून ज्या टांगत्या ताणकाट्यावर वजन करतात, त्याच्या आत स्प्रिंगच असते. वर्षानुवर्षे वापरून किंवा मर्यादेपेक्षा जड वस्तू लटकवून ती सैल झाली, तर तेवढ्याच वजनाला जास्त ताणली जाते आणि काटा वजन जास्त दाखवतो. जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ जोखमीचे मानतात. सैल काट्यावर तेच बाळ ठणठणीत ठरते आणि त्याच्याकडे द्यायचे जादा लक्ष राहून जाते. आपल्याकडे ऊसतोडीला जाताना कुटुंबे लहान लेकरे बरोबर नेतात. गाव सोडण्यापूर्वीचे वजन ही त्या लेकरासाठी महत्त्वाची नोंद असते. झोळी रिकामी असताना काटा शून्यावर आहे ना, आणि माहीत असलेले वजन टांगल्यावर तो तेवढेच दाखवतो ना, हे पाहायला दोन मिनिटे लागतात.

हूकचे वैद्यकाला दिलेले दुसरे देणे श्वासाचे आहे. फुप्फुसात बाहेरून हवा भरून प्राणी जगवता येतो, हे व्हेसालिअसने शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवले होते. हूकने नोव्हेंबर 1664 मध्ये एका कुत्र्यावर तसा प्रयोग केला. त्या जनावराचे हाल पाहून तो इतका अस्वस्थ झाला की पुन्हा हे करायची त्याची तयारी नव्हती. पण प्रश्न अर्धवट राहिला होता. जीव टिकतो तो फुप्फुसांच्या हलण्यामुळे की आत जाणाऱ्या ताज्या हवेमुळे? 1667 मध्ये रिचर्ड लोअर या डॉक्टरच्या मदतीने प्रयोग पुन्हा झाला. फुप्फुसांना बारीक भोके पाडली, भात्यांनी हवा अखंड सोडली. फुप्फुसे फुगून स्थिर राहिली, अजिबात हलली नाहीत, तरी हृदय नीट चालत राहिले. हालचाल हे साधन आहे, खरी गरज ताज्या हवेची आहे, हे स्पष्ट झाले. कोरोनाच्या काळात व्हेंटिलेटर हा शब्द घराघरांत पोचला, त्यामागच्या विचाराची एक जुनी पायरी ही आहे. पुढे 1671 मध्ये हूक स्वतः एका बंद पिंपात बसला आणि आतली हवा कमी करून घेतली. कानाला त्रास झाला, तो त्याने नोंदवला.

1666 च्या आगीत लंडन जळाले. त्यानंतर शहराची मोजणी करण्यात आणि नव्या इमारती उभारण्यात हूकची अनेक वर्षे गेली. डॉक्टरांच्या कॉलेजची आणि बेथलेम या मनोरुग्णालयाची इमारत त्याच्याच आराखड्याची. आपल्या ट्रॅक्टरच्या शाफ्टला जो क्रॉस असतो, तो सांधाही त्याने वर्णन केलेला आहे. 1689 मध्ये त्याने रॉयल सोसायटीपुढे आपल्याकडच्या भांगेवरही व्याख्यान दिले. घेणारा हसतो, विसरतो, झोपतो आणि भुकेला उठतो, असे त्यात सांगितले होते. श्रीलंकेत बरीच वर्षे अडकून पडलेल्या एका खलाशाकडून ही माहिती त्याला मिळाली होती.

एवढ्या काटेकोर माणसाने स्वतःच्या शरीराशी मात्र वेगळाच व्यवहार केला. 1672 पासून तो रोजनिशी लिहू लागला. काय खाल्ले, कोणते औषध घेतले, झोप कशी लागली, डोके दुखले का, सगळे तिच्यात आहे. लोहाचे पाणी, जुलाब, वांतीची औषधे, अफूचा अर्क, जे कुणी सुचवील ते तो घेत असे, कधी एकावर एक. सकाळी बरे वाटले की श्रेय कालच्या औषधाला, चार दिवसांनी पुन्हा बिघडले की नवे औषध. प्रयोगशाळेत एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणारा हूक घरी तीन गोष्टी एकदम बदलत होता. त्यामुळे इतक्या नोंदी ठेवूनही कशाने गुण आला आणि कशाने अपाय झाला, हे त्याला कधी कळले नाही.

त्याची अखेरची वर्षे वाईट गेली. 1687 मध्ये त्याच्याकडे राहणारी पुतणी ग्रेस वारली, तेव्हापासून तो खचला. गुरुत्वाकर्षणाच्या श्रेयावरून न्यूटनशी पडलेले वैर मिटले नाही. पाय सुजले, नजर गेली. हा मधुमेह असावा असे काही जाणकारांना वाटते. 3 मार्च 1703 रोजी त्याचे निधन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला आणि हूकचे नाव मागे पडत गेले. त्याचे खात्रीचे म्हणता येईल असे एकही चित्र आज उरलेले नाही. त्याच्या मृत्यूनंतर खोलीतल्या पेटीत हजारो पौंड सापडले. पैसा होता, औषधेही होती, पण औषधांचा मेळ घालणारे कुणी नव्हते.

सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत हूकची ही रोजनिशी रोज दुसऱ्या रूपात दिसते. कंबरदुखीसाठी मेडिकलवरून घेतलेल्या गोळ्या, कुणी दिलेली पुडी, गावातले एक इंजेक्शन, शिवाय शुगरची आणि बीपीची गोळी. दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर मूत्रपिंडाला धोका असतो. पुडीत स्टेरॉइड असेल तर साखर वाढते. मग वाढलेल्या साखरेसाठी आणखी एक गोळी सुरू होते. तेव्हा डॉक्टरकडे जाताना घरातली सगळी औषधे, पुड्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्या आणि समोर ओता. काय चालू ठेवायचे, काय थांबवायचे हे त्यानंतरच ठरवता येते. मात्र बीपीची किंवा शुगरची गोळी मनाने बंद करू नका, आणि बरेच दिवस चाललेले स्टेरॉइडही एकदम सोडू नका. तेही डॉक्टरच्या सांगण्याप्रमाणे, एका वेळी एकच बदलायचे.